अबोला मोडणारं सोल गाणं करतोय, पण कोरस आला की भांडणच वाटतं

कोमल_धैवत

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा बँड आहे, पुण्यात. सगळे नोकरीवाले. शनिवारी रात्री वारज्यात एका मित्राच्या गॅरेजमध्ये जमतो. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम, आणि गाते मी. आजवर लोकांचीच गाणी वाजवली. आता पहिल्यांदा स्वतःचं मराठी गाणं करतोय आणि हट्ट असा की ते सोल हवं. साठ-सत्तरच्या दशकातलं खरं सोल, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं. हल्ली कॅफेत कॉफीबरोबर वाजतं ते नव्हे.

विषय साधा आहे. दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय, तीन दिवस अबोला आहे, आणि आता तिला तो संपवायचाय. सुरुवात अशी:

तीन दिवस झाले, चहा दोघांचा वेगळा
तू बाल्कनीत, मी ओट्यापाशी
कोण चुकलं ते राहू दे बाजूला
ये, बस जरा माझ्यापाशी

पुढे कोरस. "परत ये, परत ये, परत ये ना". तीनदा, दर वेळी एक पायरी वर, आणि शेवटचा "ना" मी वरच्या सापर्यंत नेऊन तिथेच धरून ठेवते. गाताना अंगावर काटा येतो. (माझ्या.)

मोबाईलवर रेकॉर्ड करून ड्रमरच्या बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "ही बाई अजून भांडतेय."

आमच्यासमोर नमुना अमेरिकन सोल गायक अल ग्रीनच्या लेट्स स्टे टुगेदर या गाण्याचा आहे. लय जवळजवळ तीच घेतली, मिनिटाला शंभरच्या आसपास. कॉर्ड्समध्ये सातवे स्वर घातले. तरी ते गाणं ऐकलं की कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं आणि आमचं ऐकलं की सोसायटीची मीटिंग. काय राहतंय? ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले आणावेत का? बजेट म्हणाल तर वडापाव.

---

खवट_काका

कोण चुकलं ते राहू दे बाजूला म्हणजे बाईच चुकलेली आहे. आधी ते कबूल करा, गाणं आपोआप खाली येईल.

---

मिसिसिपीकाठचा

काकांकडे दुर्लक्ष करा. पण ड्रमरच्या बायकोला पुढच्या प्रत्येक प्रॅक्टिसला बोलवा, फुकटात असा कान मिळत नाही.

मी मूळचा सांगलीचा, भजनी मंडळात तबला वाजवून वाढलो. आता बरीच वर्षं अमेरिकेत, मेम्फिसला. अल ग्रीनचं गाणं इथलंच. विमानतळावर मालवाहतुकीच्या रात्रपाळीत काम करतो, सकाळी घरी येताना गाडीत हीच गाणी. त्यामुळे हा धागा बघून झोप लांबवतोय.

आधी तुमचे शब्द. पहिल्या कडव्यात तो बाल्कनीत आहे, ती ओट्यापाशी. पुण्यातला फ्लॅट धरला तर मध्ये फार तर दहा पावलं. आणि कोरसमध्ये तुम्ही त्याला "परत ये" म्हणून वरच्या सामध्ये हाका मारताय. अहो, तो गेलाय कुठे? हा कोरस निघून गेलेल्या माणसासाठीचा आहे. तशी सोल गाणी भरपूर आहेत, गुडघ्यावर बसून, शर्ट फाडून गायची. तुमचं ते गाणंच नाही. तुमचा माणूस घरात आहे, फक्त बोलत नाहीये. त्याच्याशी ओरडून बोललात तर तो बाल्कनीचं दार लावून घेईल.

लेट्स स्टे टुगेदरमध्ये काय होतं बघा. कुणीच कुठे गेलेलं नाही. भांडण गाण्यात थेट येतच नाही. मधेच एकदा तो म्हणतो की लोक आधी तुटतात आणि मग फिरून जुळवतात ते का, मला कळत नाही. बस, तेवढंच. बाकी सगळा वेळ तो शेजारी बसलेल्या माणसाला सांगतोय की दिवस बरे असोत, वाईट असोत, आपण एकत्र राहू. ऐकणारी व्यक्ती हाताच्या अंतरावर आहे. हे अंतर त्या रेकॉर्डमधल्या प्रत्येक गोष्टीत आहे आणि ते सहज आलेलं नाही. त्यावरून चांगली वादावादी झालेली आहे.

गंमत हीच आहे. हे समेटाचं गाणं भांडून झालेलं आहे.

चाल आधी दोघांनी केली. एक विली मिचेल. हा ट्रम्पेटवाला, हाय रेकॉर्ड्स या इथल्या कंपनीचा निर्माता, रेकॉर्डिंगलाही स्वतःच बसायचा. दुसरा अल जॅक्सन ज्युनियर, ड्रमर. मिचेलने कच्चं मिक्स अल ग्रीनच्या हातात दिलं आणि म्हणाला, शब्द लिही. ग्रीनने ते पाच मिनिटांत लिहिले असं सांगतात. पण मग गायला तयार होईना! दोन दिवस दोघांची हुज्जत चालली. मिचेल बरेच दिवस त्याच्या मागे लागला होता की आवाज खाली आण, मऊ गा. ग्रीनला तो पातळ, नाकाच्या मागून येणारा वरचा आवाज आवडायचा नाही. त्याला दणकून गायचं होतं. ज्या पोराला बापाने जॅकी विल्सन या गायकाच्या रेकॉर्ड ऐकतो म्हणून घराबाहेर काढलं, त्याला कुजबुजायला सांगितलं तर राग येणारच. मिचेलचं म्हणणं एवढंच की जॅकी विल्सन आधीच एक आहे, तू अल ग्रीनसारखा गा.

शेवटी गायला. नोव्हेंबर १९७१ मध्ये रेकॉर्ड आली, फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिली, आणि आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, म्हणजे सोलसारख्या गाण्यांच्या) यादीत तर नऊ आठवडे पहिली. त्याआधीचं त्याचं टायर्ड ऑफ बीइंग अलोन अकराव्या क्रमांकापर्यंतच गेलं होतं.

आता हे रेकॉर्ड झालं तो स्टुडिओ. रॉयल स्टुडिओ म्हणजे दक्षिण मेम्फिसमधलं जुनं सिनेमा थिएटर. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. आजही आहे. त्या रस्त्याला आता विली मिचेलचं नाव दिलंय. मिचेल २०१० मध्ये गेला, आता त्याचा बू नावाचा वारस तो चालवतो. बाहेरून बघाल तर कुणी थांबणारही नाही अशी इमारत. अपटाउन फंक या गाजलेल्या गाण्याचं काम तिथे झालंय हे सांगितलं तर ऑफिसमधली पोरं डोळे विस्फारतात. त्यांना अल ग्रीन सांगून उपयोग नाही.

आत वाजवणारे कोण? तीन सख्खे भाऊ. टीनी हॉजेस गिटारवर, लेरॉय बेसवर, चार्ल्स ऑर्गनवर. लहानपणापासून एकत्र वाजवणारी माणसं एकमेकांच्या पायात येत नाहीत. टीनीचं गिटार नीट ऐका, किती कमी वाजवतो! गायक ओळ टाकतो, तो थांबतो. ओळ संपली की दोन-तीन स्वर, पुन्हा गप्प. ऑर्गन तर मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही, पण काढला तर गाणं उघडं पडेल.

आणि ड्रम. तुमच्या ड्रमरला (आणि त्याच्या बायकोला) सांगा, त्या गाण्यातला ठोका कडकडत नाही. जाड आहे, दाबलेला. अल जॅक्सन स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) स्वतःचं पाकीट ठेवायचा असं इथले जुने लोक सांगतात. लय मात्र जराही ढिली नाही. ती सरळ चालत राहते, म्हणून वरचा माणूस लाडात येऊन मागे-पुढे गाऊ शकतो. भजनात बघा, बुवा कितीही आळवत बसले तरी टाळ हलत नाही. तेच.

तेव्हा ब्रास, म्हणजे तुमचे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले, वगैरे नंतर. आधी कोरस बदला, मग आवाज खाली आणा. वरचा सा ठेवायचाच असेल तर हळू गाऊन ठेवा. तो जास्त अवघड आहे, करून बघा.

---

डेसिबल

वरच्या प्रतिसादाला मम. मी साउंड करते, लग्नापासून नाटकापर्यंत सगळं. त्यातला तांत्रिक भाग सांगते.

मोबाईलवर रेकॉर्ड करून निर्णय घेऊ नका. फोन स्वतःहून आवाजाची पातळी सारखी करत असतो. हळू गायलात की वर ओढतो, जोरात गायलात की दाबतो. तुम्ही जीव तोडून कुजबुजलात आणि नंतर किंचाळलात तरी ऐकताना दोन्ही सारखंच. सोलचं अर्धं काम या चढ-उतारावर चालतं आणि फोन नेमकं तेच खातो. फोनमध्ये ती सोय बंद करणारी ॲप्स मिळतात, नाहीतर लॅपटॉप आणि साधा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी) आणा.

दुसरं, माइक. एसएम५८ असेलच तुमच्याकडे, सगळ्यांकडे असतो. तोंडापासून तीन-चार बोटांवर आणा आणि हळू गा. जवळ आलं की या प्रकारचा माइक खालचे स्वर भरून देतो, आवाजाला अंग येतं, माणूस कानाशी बोलतोय असं वाटतं. मात्र जवळून "परत ये" तीनदा म्हणालात तर प्रत्येक "प" स्पीकरमध्ये फटाका फोडणार. माइक किंचित तिरपा धरा. किंवा मिसिसिपीकाठचा म्हणतात तसा कोरसच बदला, म्हणजे माझंही काम कमी.

गॅरेजला पत्र्याचं शटर असेल तर त्यावर जाड चादरी टाका. पत्र्यासमोर कुणीही प्रेमळ वाटत नाही.

---

कोमल_धैवत

काय बोलू! "तो गेलाय कुठे" वाचून आम्ही पाचही जण ग्रुपवर दहा मिनिटं हसत होतो. गीतकार मीच असल्याने माझं हसू जरा कमी होतं.

काल नवीन कोरस बसवला:

बस ना जरा
काही नको बोलू, बस ना जरा
आता निवलेला चहा पुन्हा ठेवते
दोघांचा एकच, बस ना जरा

वरचा सा गेला. सगळं मध्य सप्तकात. पण आता उलटा प्रश्न पडलाय. दुसऱ्या कडव्यात भांडणाचं कारण सांगायचं का? त्याने तिच्या आईला स्वारगेटवर दीड तास उभं ठेवलं, हे आमच्या मूळ गोष्टीत आहे. (खऱ्या आयुष्यातलं आहे. माझ्या नाही.) बेसवाला म्हणतो, सांगितलं तर पुन्हा भांडण सुरू. मला वाटतं, नाही सांगितलं तर हवेत राहील.

---

रविवारपेठ_ब्रास

मी ट्रम्पेट वाजवतो. लग्नाच्या बँडमध्ये वडिलांनी हयात घालवली, मी पण सीझनमध्ये जातो, बाकी वेळ स्टुडिओ.

मिसिसिपीकाठच्या साहेबांचा मान राखून सांगतो, सोल म्हणजे मऊ असं डोक्यात घेऊ नका. ओटिस रेडिंग ऐका, तोही सोलवालाच. त्याचं ट्राय अ लिटल टेंडरनेस. शेवटी शेवटी माणूस अक्षरशः स्टेज हलवतो, आणि गाण्याचा विषय काय, तर बाईशी जरा हळुवार वागा! मग? ओरडून हळुवारपणा सांगता येतो की. ताईंचा वरचा सा काढून टाकायला लावलात, तो मला खटकला. ज्याच्या गळ्यात आहे त्याने तो खिशात का ठेवायचा?

---

मिसिसिपीकाठचा

ब्रासभाऊ, नमस्कार, तुम्ही मोठा मासा आणलात. त्यात एक मजेशीर गोष्ट आहे. ट्राय अ लिटल टेंडरनेस रेकॉर्ड झालं १९६६ मध्ये, स्टॅक्स या इथल्याच रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. ड्रमवर कोण? हाच अल जॅक्सन. बुकर टी अँड द एमजीज या बँडचा ड्रमर तो, स्टॅक्सचा पगारी माणूस. स्टॅक्सची जागाही जुनं थिएटरच, तिथेही जमिनीला उतार. रॉयलपासून फार लांब नाही. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली, २००३ पासून त्याच जागी संग्रहालय आहे.

तर तोच ड्रमर, तसलीच खोली, तेच शहर, पाच वर्षांचं अंतर. आणि ओटिसचं गाणं सुरू कसं होतं? जवळजवळ न गाता. मग जॅक्सन काठीने नुसती टिकटिक चालू करतो आणि ती टिकटिक गाण्याला हळूहळू ढकलत नेते. तो ओरडतो ते शेवटी, वाट चालून आल्यावर. तुम्ही शेवट ऐकता, कारण तो विसरता येत नाही.

शिवाय ते गाणं कुणाला उद्देशून आहे? पुरुषांना. बाई थकलेली असते, तिच्याशी नीट वागा असा सल्ला आहे. सल्ला चारचौघांत मोठ्याने देता येतो. तुमचं गाणं एका माणसाला उद्देशून आहे आणि तो दहा पावलांवर आहे. वरचा सा वाईट नाही हो, या खोलीत तो मावत नाही एवढंच. दुसऱ्या गाण्यात लावा, मी टाळ्या वाजवायला तयार आहे.

आता कोमल_धैवत यांचा प्रश्न, कारण सांगायचं की नाही. इथे मेम्फिस सोडून मायामीला जावं लागेल. लॅटिमोर नावाचा गायक, स्वतः कीबोर्डवाला. १९७४ मधलं त्याचं लेट्स स्ट्रेटन इट आउट. ऐकलं नसेल तर आजच ऐका, कारण तुमचं गाणं त्याच्या घराच्या जास्त जवळ आहे. ते मायामीजवळच्या हायलियाचं, टीके या रेकॉर्ड कंपनीच्या गोटातलं. त्याच वर्षी तिथूनच रॉक युअर बेबी हे गाणं बाहेर पडलं आणि डिस्कोची दारं उघडली. पण लॅटिमोरचं गाणं डिस्कोच्या उलट्या टोकाला, ब्लूजच्या अंगाने जाणारं, रेंगाळणारं. आवाज यायच्या आधी बराच वेळ नुसतं वाजतच राहतं. मला ती सुरुवात फार आवडते. दोन माणसं एका खोलीत आहेत आणि कोण आधी बोलणार हे ठरत नाहीये, तेवढा वेळ.

मग तो बोलतो. म्हणतो, बस, सांग मला काय झालंय. सगळं ठीक आहे असं नको सांगू, ठीक असतं तर रडली नसतीस. पूर्ण गाणं ऐकून झालं तरी भांडण नेमकं कशावरून ते कळत नाही. पण बारकावे खरे आहेत, तिचं रडणं आणि वर "काही नाही झालं" म्हणणं. ऐकणारा प्रत्येकजण आपापलं कारण घालतो. आर अँड बीच्या यादीत ते पहिलं आलं ते बहुतेक त्यामुळेच, असं माझं मत. कृष्णाकाठी काय आणि फ्लोरिडात काय, "काही नाही झालं" सगळीकडे सारखंच धोकादायक.

म्हणून स्वारगेट ठेवा, आई काढा. दीड तास कुणी कुणाला उभं केलं हे सांगितलंत की श्रोते निकाल द्यायला बसतात, आणि निकाल लागला की समेटाला जागा उरत नाही. "स्वारगेटचं जाऊ दे" एवढंच म्हणा. ज्याला कळायचं त्याला कळेल, तिथे कधी कुणाची वाट पाहिली नाही असा पुणेकर मला दाखवा.

कोरस छान झालाय. एक सुचवतो. "काही नको बोलू" हे तुम्ही मुख्य आवाजात गाऊ नका, मागच्या दोघांना द्या. तुम्ही "बस ना जरा" म्हणा आणि थांबा. अल ग्रीनच्या रेकॉर्डवर मागे चार्ली चाल्मर्स आणि सँड्रा, डॉना या ऱ्होड्स बहिणी आहेत. गायक पुढे लाडीगोडी करतो आणि मागून कुणीतरी समजूतदारपणे दुजोरा देतं. ही सवय चर्चमधून आलेली. ग्रीनने १९७६ मध्ये इथे स्वतःचं चर्च काढलं, फुल गॉस्पेल टॅबरनॅकल. मी एका रविवारी गेलो तेव्हा तो नव्हता, पण कॉयर (चर्चचा गायकवृंद) होता. पुढचा माणूस एक वाक्य बोलून थांबला की त्या थांबण्यात मागचे काय काय भरतात! मला आमच्या मंडळातले धृपद उचलणारे म्हातारे आठवले. दोघांचंही गणित एकच, पुढच्याने जागा सोडली पाहिजे. तुमच्या आधीच्या कोरसमध्ये तुम्ही जागाच सोडली नव्हती, "ना" धरून बसला होतात.

मराठीत गाताय ते बरंच आहे. "ना", "जरा", "माझ्यापाशी", सगळ्या ओळी उघड्या स्वरावर संपतात. तिथे आवाज हलवायला वाव मिळतो. "वेगळा"वर मात्र जपून, तो "ळ" लांबवलात तर अडखळेल. "ळा"वर लगेच उतरा आणि "आ"वर काय खेळायचं ते खेळा.

---

खवट_काका

आई काढा म्हणजे शेवटी सासूच गाण्याबाहेर गेली. बघा म्हणजे.

---

रविवारपेठ_ब्रास

टिकटिकीचं पटलं. परत ऐकलं, खरंच सुरुवातीला काही नाहीच. वरच्या साबद्दल माझं मत तेच आहे, पण वाद नाही.

आता ब्रासचं मी सांगतो, तो माझा प्रांत. त्या काळी मेम्फिसमध्ये दोन माणसं सगळीकडे वाजवायची. वेन जॅक्सन ट्रम्पेट आणि अँड्र्यू लव्ह टेनर सॅक्स. ओटिसच्या मागे तेच, अल ग्रीनच्या मागेही. त्यांनाच पुढे मेम्फिस हॉर्न्स नाव पडलं. हाय रेकॉर्ड्सकडे त्यांच्या जोडीला आणखी माणसं असायची, विली मिचेलचा भाऊ जेम्स बॅरिटोन सॅक्सवर होता. ताई, पूर्ण पलटण लागत नाही. एक ट्रम्पेट आणि एक टेनर नीट मिसळले तर काम होतं.

पण आपल्याकडे ब्रास म्हटलं की लोक फुल फुंकतात. मिरवणुकीत तसंच लागतं, ढोलाच्या वर ऐकू जायचं असतं. लेट्स स्टे टुगेदरमधले हॉर्न मी आज हेडफोनवर पाच-सहा वेळा लावले. सुरुवातीला पुढे येऊन दार उघडतात आणि आवाज आला की मागे जातात. मग लांब धरलेले स्वर, मऊ सुरुवात, मऊ शेवट, गायकाच्या दोन ओळींच्या मधे. हे फुंकायला दमसास जास्त लागतो. जोरात वाजवणं सोपं असतं. (झालं, साहेबांचंच म्हणणं मी पण म्हणायला लागलो.)

कीबोर्डवरचा ब्रासचा आवाज वापरू नका, हात जोडतो. त्यापेक्षा तो ऑर्गन ठेवा आणि ब्रास नकोच.

---

डेसिबल

कीबोर्डच्या ब्रासबद्दल ब्रासभाऊंना शंभर टक्के अनुमोदन. मी एका लग्नात तो पूर्ण तीन तास मिक्स केला आहे. अजून स्वप्नात येतो.

एक विचारायचं राहिलं. गाणं संपवणार कसं? रेकॉर्डवर ही गाणी बहुतेक हळूहळू विरत जातात, संपतच नाहीत. स्टेजवर ती सोय नाही. शेवटी ड्रमरने "धाड-धाड-धूम" करून झांजा आपटल्या तर तुमचा सगळा समेट वाहून जाईल.

---

कोमल_धैवत

आमचा ड्रमर नेमकं तेच करतो. प्रत्येक गाण्याला. वाढदिवसाच्या गाण्यालाही.

काल रात्री करून बघितलं. शेवटचा कोरस आला की आधी गिटार थांबते, मग ऑर्गन, मग बेस, आणि शेवटी फक्त ड्रम आणि मागचे दोघं "काही नको बोलू" म्हणत राहतात. मी गात नाही. ड्रमरला सांगितलं की मी हात खाली केला की नुसतं थांबायचं, कुठेही असलास तरी. पहिल्या दोन वेळा त्याने थांबून मग एक झांज मारलीच. सवय! तिसऱ्यांदा जमलं. स्नेअरवर त्याचं पाकीट ठेवलं, पण त्यात सगळी कार्डंच होती, खडखडायला लागलं. मग बायकोचा रुमाल घडी करून ठेवला. तो चांगला लागला.

स्वारगेट राहिलं, आई गेली. "स्वारगेटचं जाऊ दे, पाऊसही थांबला आता" अशी ओळ झाली.

त्या बायकोचं आजचं मत: "आता भांडत नाहीये. पण चहाच्या ओळीला घाई करतेस." बरोबर आहे, "निवलेला चहा पुन्हा ठेवते" मी दोन मात्रा आधीच उरकते, श्वास संपतो म्हणून. ओळ लहान करू की श्वासाची जागा बदलू?

---

मिसिसिपीकाठचा

"आता" काढा. "निवलेला चहा पुन्हा ठेवते". पुढची ओळ दोन मात्रा उशिरा उचलली तरी चालेल, तुमच्या मागे टाळ पक्का आहे ना? ड्रमर थांबला नाही म्हणजे झालं. उशिरा आलेलं माणूस विचार करून बोलतंय असं वाटतं. लवकर आलेलं पाठ करून आल्यासारखं.

आणि रेकॉर्डिंग झालं की इथे टाका. माझी पाळी सकाळी संपते, तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते.

---

रविवारपेठ_ब्रास

ताई, बजेट वडापाव म्हणालात म्हणून विचारतो, शनिवारी येऊ का? टेनरवाला माझा मावसभाऊ आहे, त्याला पण आणतो. दोघांचे मिळून चार वडापाव, आणि मिरची तळलेली हवी. आधी पट्टी कोणती ते मेसेज करा, कारण तुमचे गिटारवाले "ई" (E) ही पट्टी धरून सुरू करतात आणि आमची वाद्यं त्यात रडतात. गॅरेजसमोर गाडी लावायला जागा आहे का? मावसभावाचा सॅक्स दुचाकीवर नेत नाही मी, मागच्या वेळी सिंहगड रोडवर केस उघडली होती.